अमावास्येला बंद पडणारं यंत्र

ऑक्टोबर आला की लोक उकाड्याला शिव्या घालतात. मी एका माणसाला घालते. वीस वर्षांत एकाही वर्षी नेम चुकलेला नाही. पाऊस माघारी गेला, वारा पडला, डहाणूच्या खाडीचं पाणी तेलासारखं सपाट झालं, की माझ्या शिव्या सुरू होतात. चिकूच्या वाड्यांतून पिकल्या फळांचा वास येतो, किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबलांच्या पहिल्या ओळी चढतात, आणि चार महिने ढगात बुडालेले तलासरीकडचे डोंगर एका सकाळी अगदी दाराशी येऊन उभे राहतात. बघणाऱ्याला प्रसन्न वाटतं. मला त्यातला एकच डोंगर दिसतो आणि त्याच्या माथ्यावर आमचा रेडिओचा खांब होता ती जागा मी शोधत बसते. खांब कधीच भंगारात गेला. राग काही गेला नाही.

लोक म्हणतात, जुन्या गोष्टी सोडून द्याव्यात. द्याव्यात की. ज्यांनी त्या केल्या त्यांनी आधी सोडाव्यात.

या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर निरोप आला. आमचे तेव्हाचे साहेब पंचाहत्तर वर्षांचे होताहेत. त्यांचा अमृतमहोत्सवी गौरवग्रंथ निघतो आहे. त्यात डहाणू-तलासरीच्या त्या मोसमाबद्दल मी लिहावं, जरा ललित अंगाने, सरांमधला माणूस उलगडेल असं. नमुना म्हणून साहेबांनी स्वतः लिहिलेलं प्रकरण सोबत जोडलं होतं. त्यात आमच्या प्रकल्पाला दीड पान दिलं आहे आणि त्याचा शेवट असा की, तंत्रज्ञान परिपूर्ण होतं, पण एका स्थानिक कर्मचाऱ्याच्या अंधश्रद्धेपुढे आम्ही हरलो.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग भाजी फोडणीला टाकली, ती करपवली आणि होकार कळवला. ललित अंगाने मागितलंय ना, ललित अंगानेच देते. साहेबांचं नाव मात्र लिहिणार नाही. हा माझा मोठेपणा नव्हे. नाव छापून आलेलं त्यांना फार आवडतं, म्हणून. आपण हा लेख गौरवग्रंथात वाचत असाल तर संपादक मंडळाच्या छातीला दाद द्या. दुसरीकडे कुठे वाचत असाल तर काय झालं ते आपण ओळखालच.

काम सांगायला सोपं होतं. तलासरीच्या पूर्वेला डोंगरातलं एक गाव. गावाचं नाव सांगत नाही, कारण ती माणसं अजून तिथेच राहतात. तिथल्या दवाखान्याशेजारी एक खोली बांधली होती. खोलीत पडदा, कॅमेरा आणि एक्सरे पाठवायचं यंत्र. रुग्णाने इथे खुर्चीवर बसायचं, मोठ्या शहरातल्या रुग्णालयातल्या डॉक्टरने तिथून त्याला बघायचं. मधली वाट अशी: डोंगरावरच्या खांबावरून रेडिओचा किरण सुटायचा तो थेट डहाणूच्या खाडीपलीकडे आमच्या मनोऱ्यावर. मनोऱ्याशेजारी मोठी तबकडी, तिच्यातून वर उपग्रहाकडे, आणि उपग्रहाकडून शहरात. वेळ अकरा ते दोन. साहेब प्रकल्पाचे प्रमुख. मी कंपनीत नवीन, कंत्राटावर घेतलेली इंजिनिअर, किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातली. साहेब मला नुसतं आडनावाने, ‘तांडेल’ म्हणायचे. आणि डोंगरावरची खोली उघडायला, यंत्र चालू करायला, लोकांना रांगेने बसवायला तिथल्याच पाड्यावरचा रूपजी लखमा वरठा. चाळिशीचा, कमी बोलणारा, चौथीपर्यंत शिकलेला. अक्षर मात्र असं की साहेबांच्या अक्षरापेक्षा लवकर वाचता यायचं.

नवरात्र सरता सरता खोली सुरू झाली. बाहेर उतारावर खुरासणीची पिवळी फुलं उघडली होती. लवकर पिकणारं हळवं भात कापायला आलं होतं, त्यामुळे माणसं शेतातून उठून सरळ दवाखान्यात यायची, केसांत पेंढ्याची कुसं, हातात विळा. रूपजी सगळ्यांचे विळे दाराबाहेर ओळीने ठेवायला लावायचा. तपासून झालं की ज्याचा त्याला बरोबर परत द्यायचा. तीस-तीस विळे सारखेच दिसायचे मला. त्याला विचारलं तर म्हणाला, “मुठी बघा ना, ताय. हात येगला तशी मूठ येगली.”

त्या खोलीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे उत्तराची वाट बघणं. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर वर असतो. आपला आवाज तिथे जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर परत यायला आणखी पाव. ऐकायला काहीच नाही, पण समोरासमोर बोलताना ती अर्ध्या सेकंदाची खोट माणसाला वेडं करते. शहरातले डॉक्टर विचारायचे, “कुठे दुखतं?” लगेच उत्तर आलं नाही की पुन्हा विचारायचे, तेवढ्यात पहिलं उत्तर पोचायचं आणि दोघांचे आवाज एकमेकांवर आदळायचे. डॉक्टर चिडायचे. पाड्यावरच्या म्हाताऱ्या मात्र पहिल्या दिवसापासून तरबेज. प्रश्न आला की थांबायच्या, पदर सारखा करायच्या, मग सावकाश बोलायच्या आणि बोलून झालं की गप्प बसून पडद्याकडे बघत राहायच्या. एकीला मी विचारलं, आजी, तुम्हाला कसं हो जमतं? ती म्हणाली, “लांबचा मानूस हाय तो. त्याचा बोलना इथवर येवाला वखत लागंल का नाय?” आम्ही हेच शिकायला चार वर्षं फी भरली होती.

आता थोडं यंत्राबद्दल. घाबरू नका, मी वर्गात पोरांना सांगते तसं पुड्यांचं सांगते. तेव्हा आम्ही निरोप पाठवायची जी पद्धत वापरत होतो तिच्यात काहीही पाठवायचं असलं, आवाज असो, चित्र असो की कुणाच्या छातीचा एक्सरे असो, त्याच्या एकसारख्या छोट्या पुड्या बांधल्या जायच्या. प्रत्येक पुडी बरोबर त्रेपन्न बाइटांची. अठ्ठेचाळीस बाइटांचा माल आणि वर पाच बाइटांची चिठ्ठी, कुठे जायचं ते सांगणारी. या पुडीला म्हणायचं सेल. पद्धत झकास होती. फक्त ती काचेच्या तारेसाठी जन्मली होती, जिच्यात चूक क्वचितच होते. त्यामुळे चिठ्ठीतला एखादा बिट बिघडला तर यंत्र तो सुधारून घ्यायचं, पण जास्त बिघडले की पुडी गपचूप फेकून द्यायचं. ना दाद ना फिर्याद. हवेतून जाणाऱ्या किरणात चुका एकेकट्या येत नाहीत, झुंडीने येतात. एक्सरेचा एकेक तुकडा जवळजवळ दोनशे पुड्यांतून जायचा. त्यातली एक हरवली की बाकीच्या सगळ्या पोचूनही वाया. अख्खा तुकडा पुन्हा मागवायचा, पुन्हा ते छत्तीस हजार किलोमीटर वर आणि खाली. त्यात पाठवणाऱ्या यंत्राची समजूत अशी की माल हरवतोय म्हणजे रस्त्यात गर्दी झाली असणार, आपण हळू चालावं. रस्ता मोकळाच असायचा. ते आपलं बैलगाडीच्या चालीने चालायचं.

यावर औषध होतं आणि ते आमच्याच यंत्रात होतं. मालासोबत थोडे जादा बिट पाठवायचे, त्यांच्या आधाराने पलीकडचं यंत्र चुका सुधारून घेतं. शिवाय बिटांचा क्रम मुद्दाम विखरून पाठवायचा, म्हणजे चुकांची झुंड आली तरी सगळे घाव एकाच पुडीवर बसत नाहीत. पण जादा बिट जागा खातात आणि वेगाचा आकडा उतरतो. उद्घाटनाआधी वरचे लोक पाहणीला आले, तेव्हा पडद्यावर मोठा आकडा दिसावा म्हणून साहेबांनी दोन्ही गोष्टी काढून टाकल्या. मी शेजारी उभी होते.

“साहेब, आपला दुवा हवेतला आहे,” मी म्हटलं.

“तांडेल, शहरात असंच चालतं,” ते म्हणाले.

शहरात तार होती. हे मी मनात म्हटलं.

पहिले काही दिवस छान गेले. मग कोजागरी आली आणि भर दुपारी पडद्यावरचं डॉक्टरांचं तोंड चौकटी-चौकटींनी फाटलं. आवाज तुटला. तासाभराने आपोआप सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी पुन्हा, जरा उशिरा. तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा. मग आठ-दहा दिवस काही नाही. मी मनोऱ्याखाली बसून नट आवळले, जोड बदलले, तबकडी पुसली. रूपजी वहीत लिहीत राहिला. त्या वहीत चार रकाने होते: तारीख, गेलं, आलं, कारण. कारणाच्या रकान्यात त्याने प्रत्येक वेळी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘माहीत नाही’. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी कुठल्याही नोंदवहीत इतकं खरं लिहिलेलं पुन्हा पाहिलं नाही. आम्ही इंजिनिअर लोक त्या रकान्यात काय काय कादंबऱ्या लिहितो ते मला ठाऊक आहे.

दिवाळीच्या अमावास्येला पुन्हा तेच झालं. कार्तिकी पौर्णिमेलाही. साहेब मला सोबत घेऊन गाडीने डोंगरावर आले. वही उघडली, भिंतीवरचं कॅलेंडर काढून शेजारी ठेवलं, बोटाने एकेक तारीख जुळवली आणि माझ्याकडे बघून हसले.

“पौर्णिमा. अमावास्या. पुन्हा पौर्णिमा. तांडेल, दिसतंय का काही?”

मला दिसत नव्हतं.

“अगं, हे लोक अमावास्या-पौर्णिमा पाळतात. भगताने सांगितलं असणार, डबड्यात काहीतरी बसलंय म्हणून. हा बटन बंद करून बसतो आणि वर वहीत लिहितो, माहीत नाही!”

रूपजी दारातच उभा होता. साहेब त्याच्याविषयी त्याच्यासमोरच बोलत होते. मी त्याला बाहेर नेलं आणि विचारलं. हो, विचारलं. “रूपजीभाऊ, खरं सांगा, तुम्ही बंद करता का?”

त्याने आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं. “मी बटन नाय बंद केला, ताय. दिवालीच्या अवसेला घरी सगली जमली व्हती, मी इथंच बसलो. हिरवा दिवा व्हता, मंग तांबडा पेटला, चित्र फाटला. मी हात पन नाय लावला.”

मी मान हलवली. पण मनात म्हटलं, असेलही. अमावास्येची भीती कुणाला नसते? साहेब इतके शिकलेले, त्यांनी जुळवलं आणि जुळलं. तो अर्धा दिवस मी साहेबांवर विश्वास ठेवून काढला, आणि त्या अर्ध्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

वही नक्कल करायला मी घरी आणली होती. संध्याकाळी ओट्यावर आई कोळंबी सोलत बसली होती. तिचं माहेर वाढवणचं. वडील होड्यांवर, भाऊ होड्यांवर. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. मी कॅलेंडर बघून तारखांच्या जागी तिथी टाकत, मोठ्याने वाचत वाचत उतरवून घेत होते. अवस, गेलं अकरा वीस, आलं बारा पंचवीस. प्रतिपदा, गेलं बारा पाच, आलं एक दहा. बीज, गेलं बारा पंचावन्न, आलं एक पन्नास.

आईचा हात थांबला नाही. नुसतं म्हणाली, “उधानाच्या भरत्या कशाला लिवतेस गो?”

मी पेन खाली ठेवलं.

“तिथीची पाऊनपट कर,” ती म्हणाली, लहान पोराला सांगावं तशी. “अवसेला पंधराची पाऊनपट, सवाअकरा. वर आपल्या खाडीत पानी पोचायची घटका-दीड घटका. तवा पानी काठोकाठ. पुढच्या दिशी पाऊन तास पुढं. तुला काय हे ठावं नाय?”

ठाऊक होतं. पाढ्यांच्या आधी शिकले होते. किनाऱ्यावरच्या पोराला भरतीची वेळ विचारावी लागत नाही, तिथी ऐकली की ओठ आपोआप गुणाकार करतात. आणि मी महिनाभर त्या वेळांकडे बघत होते, नट आवळत होते, रूपजीला बाहेर नेऊन खरं सांगा म्हणत होते. माझ्या हातात यंत्राचं पुस्तक होतं, त्यामुळे आईने शिकवलेलं आठवलंच नाही.

बाकीचं मग दहा मिनिटांत उलगडलं. डोंगरावरून निघालेला किरण मनोऱ्यावर पोचण्याआधी खाडीवरून जायचा. ओहोटीला खाली चिखल आणि तिवरं, त्यात काही चमकत नाही. पण उधाणाच्या भरतीला खाडी काठोकाठ भरते, आणि ऑक्टोबरात वारा नसल्याने तिचा आरसा होतो. मग एक किरण सरळ येतो आणि दुसरा पाण्यावरून उसळून येतो. दोघे एकमेकांना मारून टाकतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमाराला, पाणी तेवढं चढतच नाही. साहेबांनी चाचणी घेतली होती एप्रिलात, वारा सुटलेला असताना, आणि नेमकी अष्टमी-नवमीलाच. आणि एवढं होऊनही निभावलं असतं. जादा बिट जागेवर असते, क्रम विखुरलेला असता, तर त्या तासाभरात चित्र जरा अडखळलं असतं, फाटलं नसतं. मनोऱ्यावर थोडं खाली दुसरी छोटी तबकडी बसवली असती तर तेवढंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या टेबलावर तीन कागद ठेवले: वहीची नक्कल, तिथीवरून काढलेल्या भरतीच्या वेळा, आणि आमच्या मनोऱ्यावरच्या यंत्राने ठेवलेला फेकलेल्या पुड्यांचा हिशोब. तिसरा कागद महत्त्वाचा होता. डोंगरावरचं बटन बंद असतं तर पुड्या आल्याच नसत्या. इथे त्या येत होत्या, बिघडून येत होत्या आणि फेकल्या जात होत्या, हजारोंनी. म्हणजे रूपजीचं यंत्र पूर्ण वेळ चालू होतं.

साहेबांनी तिन्ही कागद वाचले. सावकाश वाचले. त्यांना कळलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांना कळलं नसतं तर मी एव्हाना माफ केलं असतं. अडाणीपणावर मी इतकी वर्षं डूख धरत नाही. त्यांना कळलं आणि मग ते हसले.

“मग काय करू? समुद्राला कारणे दाखवा नोटीस काढू?”

मग त्यांनी आवाज खाली घेतला. “दुरुस्तीचे बिट मी काढले, हे वर कळवायचं आहे का तुला?”

तिन्ही कागदांची घडी त्यांच्या खिशात गेली. दुपारी अहवाल गेला. स्थानिक कर्मचारी अंधश्रद्धेपोटी अमावास्या-पौर्णिमेला यंत्र हेतुपुरस्सर बंद ठेवतो, असा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. त्याच आठवड्यात रूपजीला काढलं. महिन्याभराने, स्थानिक सहकार्याचा अभाव असं कारण दाखवून खोलीच बंद केली आणि पडदा, कॅमेरा, सगळं टेम्पोत भरून नेलं. टेम्पो उतरताना लोक भात झोडत होते. काहींनी हात थांबवून बघितलं.

पाड्यावर अहवालाची गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. डॉक्टरचा पडदा गेला तो रूपजीमुळे, एवढंच लोकांच्या हातात आलं. छातीच्या दुखण्याचे जे दोघे-तिघे त्या खोलीत दाखवत होते त्यांना जीपने सिल्वासा गाठावं लागायला लागलं, आणि जीपमध्ये बसताना ते रूपजीच्या घराकडे बघून थुंकायचे. त्याचं नाव बटन्या पडलं. आश्रमशाळेत त्याची मुलगी बटन्याची पोर झाली. आपल्याकडे नाव एकदा चिकटलं की ते सातबाऱ्यावर चढल्यासारखंच. तो तलासरीच्या बाजाराला जायचा बंद झाला. मीठ-मिरची आणायला बायको जायची.

साहेबांना त्याच वर्षी बढती मिळाली.

मी पुढे कंपनी सोडली आणि डिप्लोमा कॉलेजात शिकवायला लागले. तेव्हापासून मी जमेल तसं उट्टं काढत आले आहे. साहेबांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली, मी गेले नाही, आहेरही पाठवला नाही. त्यांना कुठलासा पुरस्कार मिळाल्याची बातमी फोटोसकट आली, ते पान मी सुके बोंबील गुंडाळायला वापरलं आणि महिनाभर कपाट उघडलं की मला बरं वाटायचं. या सगळ्याने साहेबांचं काडीचंही बिघडलं नाही, हे मला कळतं. पण वर्गात मी जे केलं त्याचा मला अभिमान आहे. दर वर्षी तो धडा आला की मी फळ्यावर खाडी काढते, डोंगर काढते, आणि सांगते की आकडा मोठा दिसावा म्हणून दुरुस्ती काढून टाकणं आणि मग दोष दुव्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसावर ढकलणं, याला ‘साहेबी चूक’ म्हणतात. पाठ्यपुस्तकात नसलेला शब्द. गंजाडच्या एका मुलीने तो बोर्डाच्या परीक्षेत लिहिला. तपासणाऱ्याने त्याखाली लाल रेघ मारून प्रश्नचिन्ह काढलं आणि गुण मात्र पूर्ण दिले. आता ती पद्धतही गेली, पुड्यांचे आकार बदलले, त्या जुन्या यंत्रांचे पत्रे विकले गेले. धडा अभ्यासक्रमातून निघाला. मी तरी शिकवते. पोरं विचारतात, मॅडम, हे परीक्षेला आहे का? मी म्हणते, आहे.

तर गौरवग्रंथाचं निमंत्रण आल्यावर मी आठ दिवसांत लेख लिहून काढला. जवळजवळ हाच, आपण इथवर वाचलात तो. लिहिताना इतका आनंद झाला की सांगायची सोय नाही. रात्रंदिवस पोळलेलं माणूस पाण्यात पाय सोडून बसतं तसं काहीतरी. पाठवण्याआधी वाटलं, रूपजीला वाचून दाखवावा. त्याचं नाव आहे, त्याला विचारायला हवं. खरं म्हणजे मला त्याच्या तोंडून शाबासकी ऐकायची होती.

मी सकाळच्या जीपने गेले. वीस वर्षांत पहिल्यांदाच. खुरासणी फुललेली होती. रूपजी आता साठीचा, केस पांढरे, अंगणात खळं सारवून त्यावर कापलेलं भात पसरत होता. त्याने मला ओळखलं. बसायला खाट दिली. सुनेने काळा चहा आणला. मी कशासाठी आले ते सांगितलं आणि वाचायला सुरुवात केली. तो भात पसरत पसरत ऐकत होता. विळ्यांच्या मुठींपाशी हसला. त्या म्हातारीचं आलं तेव्हा म्हणाला, “ती गेली. मोप वरसां झाली.” आईने भरती ओळखली तिथे त्याचा हात थांबला. तो खळ्यावरच बसला.

“म्हंजे दर्या व्हता तो?” त्याने विचारलं.

“हो. खाडीचं पाणी.”

“मना आज समजला.”

वीस वर्षं त्या माणसाला कारण माहीत नव्हतं. मला होतं. जीपचं भाडं काढून इथवर येऊन ते सांगावं, हे मला कधी सुचलं नव्हतं. मी साहेबांवर राग धरण्यात गुंतले होते.

मी पुढे वाचलं. तीन कागद, खिसा, अहवाल, टेम्पो, बोंबील, वर्ग. संपलं. खळ्यावर कोंबड्या आल्या होत्या, त्याने त्यांना हाकललं.

“सायबाला बरा धरलात,” तो म्हणाला. मग कोंबड्यांनी उकरलेलं भात सारखं करत, “पन एक रायला.”

“काय राहिलं?”

“तो कागद दवाखान्यात वाचून दाखवला व्हता मना. समद्या लोकांसमोर. त्याच्याखाली दोन सया व्हत्या, ताय. एक सायबाची. दुसरीचा तुमी लिवला नाय.”

मी त्याच्याकडे बघितलंच नाही. हातातल्या पानांकडे बघत राहिले. मी लिहिलं होतं, अहवाल गेला. जसा काही वाऱ्याने गेला. क्षणभर मला त्याचा राग आला, अगदी खराखुरा. एवढं सगळं त्याच्यासाठी लिहिलं आणि हा बोट कुठे ठेवतो! मग कळलं की हे त्याच्यासाठी नव्हतंच. त्याच्या नावाने माझंच उट्टं काढणं चाललं होतं, आणि तो ते पहिल्या पानापासून ओळखून होता.

“मी मागे घेऊ का हा लेख? नको पाठवू?” मी विचारलं.

“धाडा ना. का नाय धाडायचा? माझा नाव पुरा लिवा, बापाच्या नावासकट. आन दुसऱ्या सहीचाही नाव पुरा लिवा. मंग धाडा.” तो उठला आणि पुन्हा भात पसरायला लागला. “माझी पोरगी नर्स हाय आता. ती वाचल. तिला मी सांगून थकलो, तिला वाटतो बाप आपला बोलतो तसा बोलतो.”

त्याने मला माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही. दिसत होतं. जीपपर्यंत सोडायला तो आला नाही, सुनेला पाठवलं.

तेव्हा संपादक मंडळास विनंती, पुढचा मजकूर शब्दही न बदलता छापावा. रूपजी लखमा वरठा यांनी कोणत्याही अमावास्येला किंवा पौर्णिमेला यंत्र बंद केलं नव्हतं. ते प्रत्येक दिवशी हजर होते, आणि त्यांनी वहीत लिहिलेली प्रत्येक वेळ खरी होती. त्यांच्यावर ठपका ठेवणारा अहवाल खोटा होता. तो साहेबांनी लिहिला. त्याखालची दुसरी सही शैलजा काशिनाथ तांडेल हिची, म्हणजे माझी आहे. ती करताना साहेबांनी माझा हात धरला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. नुसतं पेन पुढे केलं होतं. घड्याळात बारा वाजायला आले होते, आणि त्या दिवशी भरती किती वाजता आहे हे मला ठाऊक होतं.